एकदा पाणी, एकदा वायू

‘तेलाची विहीर’ या शब्दानं आपली मोठी फसगत करून ठेवली आहे. विहीर म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो भरलेला आड. जमिनीच्या पोटात काळ्याशार तेलाचं तळं साचलंय, वर पंप बसवलाय आणि तळं आटेपर्यंत उपसा चाललाय, असंच चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी मनाशी रंगवलेलं असतं. प्रत्यक्षात खाली तळं-बिळं काही नसतं. असतो तो खडक. न्हाणीघरातली टाचा घासायची वज्री आठवा. दिसायला दगड, पण अंगभर भोकं. तेलाचा खडकही असाच. फरक एवढाच, की वज्रीची भोकं डोळ्यांना दिसतात. या खडकातली बहुतेक भोकं केसाहूनही बारीक असतात. त्या भोकाभोकांत तेल जिरून बसलेलं असतं. सोबतीला खारं पाणी आणि वायू.

मग ते वर येतं कसं? सुरुवातीची काही वर्षं बऱ्याचदा आपल्या आपण. दोन-तीन किलोमीटर खोलीवर दाब प्रचंड असतो, तेलात वायू विरघळून कोंडलेला असतो. विहीर खणली की सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं. पण बाटलीतला फसफसाट जसा ओसरतो, तसा खडकातला जोरही ओसरतो. आणि आता जरा थांबून एक आकडा ऐका. जगभरच्या तेलक्षेत्रांची ढोबळ सरासरी काढली, तर खडकात असलेल्या तेलापैकी जेमतेम एक तृतीयांश वर येतं. उरलेलं दोन तृतीयांश सापडलेलं असतं, मोजलेलं असतं, नकाशावर रंगवलेलं असतं, आणि तरीही खालीच राहतं!

आपला रसवंतीवाला इतका उधळा नसतो. उसाचं कांडं एकदा चरकातून निघालं की तो ते फेकून देत नाही. दुमडतो, मध्ये आल्याचा तुकडा आणि लिंबाची फोड ठेवतो आणि पुन्हा चरकात घालतो. चोथा पार कोरडा होईपर्यंत त्याचं समाधान होत नाही. तेलवाल्यांचीही गेल्या शंभर वर्षांची धडपड हीच आहे, दुसऱ्या फेरीची. पंचाईत ही, की त्यांचा ऊस जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर आहे आणि तो हातात घेऊन दुमडता येत नाही.

दुसऱ्या फेरीचा सर्वांत जुना उपाय म्हणजे पाणी. काही विहिरी तेल काढायला ठेवायच्या आणि काही विहिरींतून उलट खाली दाबानं पाणी सोडायचं. पाणी तेलाला पुढे ढकलतं आणि खडकातला दाबही टिकवतं. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात असलेल्या ‘बॉम्बे हाय’मध्ये, म्हणजे आजच्या ‘मुंबई हाय’मध्ये, हेच चालतं. तिथं १९७४ साली ‘सागर सम्राट’नं तेल शोधलं, १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं आणि १९८४ पासून समुद्राचंच पाणी शुद्ध करून खडकात सोडायला सुरुवात झाली.

पाणी काम करतं, पण अर्धवट. कोकणातल्या घरी फणस चिरताना पाहिलंय ना? चाकूला आणि हाताला आधी खोबरेल तेल चोपडतात. कारण फणसाचा चीक एकदा बोटांना चिकटला, की मग नळाखाली कितीही वेळ हात धरा, तो हलत नाही. तेलाचा बोट फिरवला की मात्र झटकन सुटतो. पाण्याचं आणि स्निग्ध पदार्थाचं जमत नाही, हे तर कोणतीही गृहिणी सांगेल. खडकातही तेच होतं. पाणी मोठ्या वाटांतलं तेल ढकलून नेतं. पण बारीक भोकांत थेंब-थेंब तेल अडकून बसतं आणि पाणी त्याला वळसा घालून निघून जातं.

म्हणून दुसरा गडी आला, वायू. तेलासोबतच वर येणारा नैसर्गिक वायू किंवा कार्बन डायऑक्साईड. हा वायू पुरेशा दाबाखाली तेलात शिरतो. तेल फुगतं, पातळ होतं, वाहायला लागतं. दाब आणि वायूची जात नेमकी जमली, तर तेल आणि वायू यांच्यामधली सीमाच पुसली जाते आणि दोन्ही मिळून एकजीव होतात. मग अडकलेला थेंब अडकलेला राहत नाही. फणसाच्या चिकावर फिरवलेलं हेच ते खोबरेल!

झालं तर मग, नुसता वायूच सोडावा की! तसंही करून पाहिलं गेलं. पण वायूचा स्वभाव उनाड. तो तेलापेक्षा कितीतरी पातळ आणि हलका. त्यामुळे सगळ्या तेलाला शिस्तीत पुढे ढकलण्याऐवजी तो सोपी फट शोधतो, बोटं फुटल्यासारखा पुढे घुसतो आणि सरळ तेलाच्या विहिरीतून बाहेर पडतो. शिवाय हलका असल्यानं खडकाच्या छताशी जाऊन बसतो. खालच्या भागातल्या तेलाला त्याचा स्पर्शही होत नाही. लाखो रुपये खर्चून खाली दाबलेला वायू काही महिन्यांत पाहुण्यासारखा परत दारात!

या उनाडाला वेसण घालायची ती पाण्यानं. काही आठवडे किंवा काही महिने वायू सोडायचा, मग तेवढेच दिवस पाणी, मग पुन्हा वायू. तेलाच्या धंद्यात याला ‘वॉटर ऑल्टरनेटिंग गॅस’ म्हणतात, लाडानं ‘वॅग’. पाण्याची फेरी येते तेव्हा ते मोठ्या, सोप्या वाटा भरून टाकतं. मागून आलेल्या वायूला हमरस्ता बंद! मग त्याला गल्लीबोळांतून जावं लागतं आणि तिथंच तर तेल दडलेलं असतं. दुसरा फायदा वजनाचा. वायू वर जातो, पाणी खाली उतरतं. घर साफ करताना जळमटांसाठी लांब दांड्याची झाडणी आणि फरशीसाठी ओलं फडकं घेतो, तसंच. छत वायूनं झाडायचं, जमीन पाण्यानं पुसायची.

कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात नॉर्थ पेम्बिना नावाचं तेलक्षेत्र आहे. तिथं १९५७ साली हा प्रयोग झाला आणि वॅगचा तोच पहिला प्रयोग मानला जातो. तेव्हापासून अमेरिका, कॅनडा, रशिया, उत्तर समुद्र अशी अनेक क्षेत्रं झाली. पण या पद्धतीचं खरं दर्शन घ्यायचं तर अलास्कात जायला हवं.

उत्तर अमेरिकेच्या अगदी माथ्यावर, ध्रुवसमुद्राच्या काठाला प्रुडो बे आहे. हिवाळ्यात तिथं जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही. १९६८ साली तिथं अमेरिकेतलं सर्वांत मोठं तेलक्षेत्र सापडल्याचं जाहीर झालं. खडकात सुमारे २५ अब्ज पिंपं तेल. एक पिंप म्हणजे १५९ लिटर, गुणाकार ज्याचा त्यानं करावा. हे तेल बाहेर आणायला जवळपास १,३०० किलोमीटर लांबीची पाईपलाईन डोंगर-नद्या ओलांडून दक्षिणेतल्या व्हाल्डीझ बंदरापर्यंत टाकली गेली आणि १९७७ च्या जूनमध्ये तेल वाहू लागलं. ऐन भरात रोज १५ लाख पिंपं!

तेलाची सोय झाली. पण त्याच्यासोबत वर येणाऱ्या वायूचं काय? तेल टाकीत भरून जहाजात घालता येतं, वायूचं तसं नाही. एक तर घरोघरी पोचणारी नळी हवी, नाहीतर उणे १६० अंशांपर्यंत गोठवून त्याचा द्रव करणारा कारखाना हवा. प्रुडो बेमधून वायू बाजारात नेणाऱ्या पाईपलाईनच्या योजना १९७० च्या दशकापासून मांडल्या जात आहेत. ती पाईपलाईन काही आजवर झालेली नाही. एवढा वायू जाळून टाकणं हा तर शुद्ध करंटेपणा. तेव्हा एकच मार्ग उरला. वायू वेगळा काढायचा, थोडासा तिथलीच यंत्रं चालवायला वापरायचा आणि बाकीचा सगळा पुन्हा दाबून जिथून आला तिथंच पाठवायचा. हा व्याप वाढत वाढत रोज सुमारे ८ अब्ज घनफुटांवर गेला. याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, २०२३-२४ साली अख्ख्या भारतात, जमिनीवर आणि समुद्रात मिळून, रोज जेवढा नैसर्गिक वायू निघत होता, त्याच्या दुपटीहूनही हा जास्त. आणि तो बाहेर काढून परत आत ढकलायचा, रोजच्या रोज.

परत गेलेला वायू वाया जात नव्हता. प्रुडो बेच्या खडकात वर वायूचं टोपण आहे, मध्ये तेल आणि खाली पाणी. टोपणातला वायू भरलेला राहिला की तो तेलाला खाली विहिरींकडे दाबत राहतो. क्षेत्राच्या मधल्या भागात हे काम आयतंच होत होतं. पण कडेच्या भागांत तेलाचा थर पातळ, टोपणाचा जोर पोचत नाही. तिथं १९८४ पासून समुद्राचं पाणी सोडायला सुरुवात झाली. पाणी शुद्ध करणारा कारखाना भला मोठा, तो दुसरीकडे बांधून समुद्रातून तरंगत आणला गेला. बर्फ वितळून समुद्र मोकळा होतो त्या उन्हाळ्यातल्या थोड्याशा आठवड्यांत!

आणि मग आलं-लिंबू. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथं मध्यवर्ती वायू प्रकल्प उभा राहिला. तो वायूला कडक थंड करून त्यातून इथेन, प्रोपेन असे जड घटक वेगळे काढतो. प्रोपेन म्हणजे कोण, तर आपल्या स्वयंपाकघरातल्या लाल सिलिंडरमधला ओळखीचा गडी. हे जड घटक पुन्हा मिसळले, की असा मालदार वायू तयार होतो जो खडकातल्या दाबाला तेलाशी एकजीव होऊ शकतो. आधी छोटा प्रयोग झाला, मग १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर कडेच्या भागांत पाणी आणि हा वायू आळीपाळीनं सोडणं सुरू झालं.

निकाल? सुरुवातीला तज्ज्ञांनी हिशेब मांडला होता की या क्षेत्रातून ९.६ अब्ज पिंपं तेल निघेल. प्रत्यक्षात आजवर १२ अब्जांहून अधिक निघालं आहे आणि उपसा अजून चालू आहे. याचं सगळं श्रेय वॅगला देणं चूक ठरेल. वायूचं टोपण, नव्या तऱ्हेच्या आडव्या विहिरी, दर काही वर्षांनी केलेलं नवं खोदकाम, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. एकट्या वॅगनं बऱ्याच क्षेत्रांत एकूण तेलाच्या ५ ते १० टक्के जादा तेल दिलं, असा अनुभव आहे. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण प्रुडो बेचा एक टक्का म्हणजे २५ कोटी पिंपं. आजच्या भारताची साधारण दीड महिन्याची गरज!

अलास्कातल्या घरांना तर हा टक्का रोखीत कळतो. तिथल्या सरकारनं तेलाच्या उत्पन्नातला भाग बाजूला टाकून १९७६ साली एक निधी उभारला आणि १९८२ पासून त्याच्या मिळकतीतून राज्याच्या प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या बाळासकट, दरवर्षी रक्कम मिळते. पहिल्या वर्षी ती माणशी १,००० डॉलर होती. साहजिकच खडकातून किती तेल काढलं आणि किती खाली सोडून दिलं, हा तिथं केवळ कंपनीचा खाजगी मामला राहत नाही. वायू किती काढू द्यायचा यावर राज्याचा एक आयोग देखरेख ठेवतो. कारण उघड आहे. वायू घाईनं विकून टाकला तर टोपण रिकामं होईल, दाब पडेल आणि जे तेल निघू शकलं असतं ते कायमचं खडकात अडकेल. हातात आलेला पैसा दिसतो, खाली राहिलेलं तेल दिसत नाही. म्हणूनच तिऱ्हाईत राखणदार लागतो.

असं वाटेल, की इतकी सोपी युक्ती तर जगातल्या प्रत्येक तेलक्षेत्रात का नाही? अहो, सोपी ती कागदावर. नॉर्वेच्या उत्तर समुद्रातलं एकोफिस्क हे नामांकित क्षेत्र. तिथं वर्षानुवर्षं समुद्राचं थंडगार पाणी सोडून विहिरीभोवतीचा खडक गार पडला होता. १९९६ साली तिथं पाण्यानंतर वायू सोडून पाहिला. गारठा, पाणी, वायू आणि दाब, सगळे एकत्र आल्यावर जे व्हायचं तेच झालं. पाणी आणि वायूचे मिळून बर्फासारखे खडे तयार झाले आणि वाटच तुंबली. प्रयोग आवरता घ्यावा लागला. जिथं कार्बन डायऑक्साईड वापरतात तिथं दुखणं वेगळं. हा वायू पाण्यात मिसळला की आंबट होतो, आपल्या सोड्याच्या बाटलीत होतो तसाच. आपल्याला ती चव आवडते. पण साधं पोलाद त्यानं झिजतं, पाईपला भोकं पडतात. म्हणजे गंजरोधक धातू आला, अस्तर आलं, खर्च आला.

आता आपल्याकडे वळू. इथं गणित पार उलटं आहे. प्रुडो बेच्या वायूला गिऱ्हाईक नव्हतं. आपल्या वायूच्या दारात रांग आहे. बॉम्बे हायच्या सुरुवातीच्या काळात नळ्या आणि कारखाने तयार नव्हते, म्हणून पुष्कळ वायू समुद्रावरच जाळला जाई. पुढे उरणला स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढणारा प्रकल्प झाला, थळला खताचा कारखाना आला. आज मुंबईच्या टॅक्सी-रिक्षा, घरातली शेगडी, शेतकऱ्याची युरियाची गोणी, सगळ्यांना वायू हवा आहे आणि तो पुरत नाही म्हणून परदेशातून द्रवरूपात आणावा लागतो. अशा वेळी घरचा वायू पुन्हा जमिनीत दाबा म्हणणं म्हणजे दिवाळीच्या तोंडावर किराण्याचा डबा कुलूपबंद करा म्हणण्यासारखंच!

पण दुसरी बाजूही आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. आणि घाई केल्यावर काय होतं, याचा धडाही आपल्या गाठी आहे. १९८९-९० साली देशातलं तेल उत्पादन ३.४ कोटी टनांवर गेलं होतं. तीनच वर्षांत, १९९२-९३ साली, ते २.७ कोटी टनांवर घसरलं. बॉम्बे हायचा उपसा गरजेपेक्षा जास्त वेगानं केला, दाब राखण्याकडे दुर्लक्ष झालं, अशी टीका त्या वेळी जोरात झाली होती. टीकेत किती तथ्य यावर वाद घालता येईल. वर्तमानपत्रांना मात्र तेव्हा ‘खडकातला दाब’ हा शब्द पहिल्यांदाच माहीत झाला असावा!

मग खाली सोडायला कोणता वायू परवडेल? तो, ज्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या केली-स्नायडर क्षेत्रात १९७२ पासून कार्बन डायऑक्साईड सोडला जातो आहे आणि सुरुवातीला तो नैसर्गिक वायू शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतून आणला गेला, जिथं तो नुसता हवेत सोडून दिला जायचा. आपल्याकडे गुजरातेत भडोच जिल्ह्यात गांधार हे तेलक्षेत्र आहे. पाणी आणि वायू आळीपाळीनं सोडण्याचं काम ओएनजीसीनं तिथं पूर्वीच करून पाहिलं आहे. २०१९ साली ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी एक समझोता केला. बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीच्या धुरांड्यांतून जाणारा कार्बन डायऑक्साईड पकडायचा आणि गांधारच्या खडकात सोडायचा. टाकाऊतून टिकाऊ!

पर्यावरणवाले यावर नाक मुरडतात, आणि अगदीच उगाच नाही. हवेत जाणारा कार्बन जमिनीत गाडला हे खरं. पण त्याच्या बदल्यात जे तेल वर आलं ते कुठल्या तरी इंजिनात जळून पुन्हा धूरच होणार. प्रस्तुत लेखकाला वाटतं, की तेल लागणारच असेल तर आखाताकडून बोटीनं आणण्यापेक्षा गांधारच्या जुन्या खडकातून काढलेलं बरं. मात्र त्याला ‘हरित’ म्हणून मिरवू नये.

आणि मुंबई हाय? २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीनं त्याचं उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक सल्ला-सेवा देणारी कंपनी निवडली, दहा वर्षांच्या करारावर. ती कंपनी म्हणजे बीपी. २०२० पर्यंत प्रुडो बेचा कारभार सांभाळणारी हीच. अर्थात अलास्काचा वाळूचा खडक आणि आपल्या समुद्राखालचा चुनखडीचा खडक यांच्यात फरक आहे. चुनखडीत पाणी आणि वायू दोघांनाही पळायला चोरवाटा जास्त सापडतात. शिवाय भर समुद्रातल्या फलाटावर वायू दाबणारं एक जादा यंत्र बसवायचं, तर आधी त्याला जागा कुठली द्यायची हाच पहिला प्रश्न असतो. आणि हे सगळं जुळवून वायूची पहिली फेरी खाली गेली, तरी शेजारच्या विहिरीतून जादा तेल दिसायला कित्येक महिने, कधी कधी वर्षंही लागतात.